सात नंबरचा मुतखडा

आमच्या तेलगावच्या शाखेत माझ्या चेहऱ्याबद्दल आजपर्यंत तीन लेखी तक्रारी आल्या आहेत. कामाबद्दल एकही नाही, चेहऱ्याबद्दल तीन. पहिली एका निवृत्त मास्तरांची होती आणि तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ‘सदर लिपिकाच्या मुखावर कोणत्याही प्रकारचा भाव आढळून येत नाही’ असे त्यांनी लिहिले होते. दुसरी एका पेन्शनर आजोबांची. ‘दर नोव्हेंबरात आमच्याकडून हयातीचा दाखला मागता, तसा एकदा तीन नंबरच्या खिडकीतल्या माणसाकडूनही घ्यावा.’ तिसरी तक्रार दोनच शब्दांची होती : ‘हसत नाही.’

मॅनेजरसाहेब म्हणाले, “अहो, हसत जा हो जरा. हसायला काय पैसे पडतात?” मी बी.कॉम. असल्यामुळे ज्याला पैसे पडत नाहीत ते करून बघायला माझी हरकत नसते. दुसऱ्या दिवशी मी हसतमुखाने बसलो. पहिल्याच शेतकऱ्याने माझ्याकडे दोनदा पाहिले आणि खिडकीत तोंड घालून हळूच विचारले, “सायेब, कर्ज माफ झालं का काय?” त्याच्या मागच्या बाईने पासबुक पदराआड घेतले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमच्या बँकेचे काही खरे नाही अशी कुजबूज एस.टी. स्टँडपर्यंत पोचली होती. संध्याकाळी मॅनेजरसाहेबच म्हणाले, “राहू द्या.”

तेलगाव म्हणजे तसे फाट्याचे गाव. बीडकडून वडवणीवरून रस्ता येतो आणि इथून परळीला, माजलगावला, धारूरला वाटा फुटतात. त्यामुळे खिडकीसमोरचा निम्मा माणूस कुठे तरी जायच्या गडबडीत असतो. गावाजवळच साखर कारखाना. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या आणि मळीचा वास. गंमत अशी, की कारखाना दारात असून इकडची हजारो माणसे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात ‘कोयता’. “औंदा आमच्या टोळीत पंधरा कोयते,” असे मुकादम सांगतो तेव्हा ती तीस माणसे असतात. हे मी इतकी वर्षे ऐकत आलो. त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही, कारण मला स्वतःला कुणी तोवर नंबराने हाक मारली नव्हती.

ती वेळ गेल्या फेब्रुवारीत आली. एका आर.टी.जी.एस.च्या फॉर्मवर शिक्का मारता मारता माझ्या डाव्या कुशीत कुणीतरी तसाच शिक्का मारला. मी खुर्चीवरून खाली आलो. ‘क्लार्कच्या चेहऱ्यावर भाव आले, क्लार्कच्या चेहऱ्यावर भाव आले,’ असे निदान त्या मास्तरांनी तरी म्हणायला हवे होते. पण ते त्या दिवशी आले नव्हते.

मला जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेले. त्याचे नाव सांगत नाही, कारण पुढे तिथल्या तक्रारपेटीचा उल्लेख यायचा आहे. निदान मुतखड्याचे निघाले. आकार सहा मिलिमीटर, मुक्काम मूत्रनळीत, सोबत ताप. खडा आपण होऊन पडतो का ते बघू, असे डॉक्टर म्हणाले आणि मी वॉर्डातल्या सात नंबरच्या खाटेवर दाखल झालो.

आणि तिथे मला सिस्टर भेटल्या.

नर्सला आपण ‘सिस्टर’ म्हणतो. आडव्या पडलेल्या माणसाला एवढ्या तातडीने नाते जोडावेसे वाटते यात नवल नाही. साफसफाईच्या बायका त्याच्या मावश्या होतात आणि वॉर्डबॉय मामा. पण या आमच्या बहिणीच्या चेहऱ्यावर माहेरपणाचा मागमूस नव्हता. पस्तिशीच्या, सडपातळ, खिशाला इतकी पेने की नावाची पट्टी त्यांच्यामागे गडप. “सात नंबर, हात.” “सात नंबर, लघवी मोजून ठेवली?” मी कण्हत म्हटले, “सिस्टर, फार दुखतंय हो.” त्या म्हणाल्या, “होतं असं.” मी विचारले, “खडा पडेल का?” त्या म्हणाल्या, “बघू.” हे ‘बघू’ मी ओळखले. इतकी वर्षे मी ते स्वतः विकतो आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला उठवून त्यांनी ताप पाहिला. सारी रात्र तळमळून मला साडेचारला झोप लागली होती. तेव्हा मात्र माझ्यातला ग्राहक जागा झाला. वॉर्डाच्या दाराशी एक पत्र्याची तक्रारपेटी होती. तक्रार कशी लिहावी हे तक्रारी ज्याच्यावर होतात त्याच्याइतके कुणाला कळते? वर विषय, खाली संदर्भ, मग ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. ‘रात्रपाळीच्या परिचारिकेची रुग्णांशी वागणूक अत्यंत कोरडी असून त्यांच्या चेहऱ्यावर कोणत्याही प्रकारचा भाव आढळून येत नाही’ हे वाक्य लिहिताना ते कुठे तरी वाचल्यासारखे वाटले. पण कळ आली म्हणून विचार करत बसलो नाही. सलाईनची बाटली एका हातात उंच धरून मी पेटीपर्यंत गेलो आणि कागद आत सोडला.

शेजारी आठ नंबरला एक म्हातारबाबा होते. धारूरकडच्या डोंगरातले. जन्मभर ऊस तोडला. आता छातीत दम राहिला नव्हता. नाकाला ऑक्सिजनची नळी. खाली फरशीवर त्यांची म्हातारी. “आमचा कोयता आता मोडला, सायेब,” असे ते म्हणाले ते मोडीत काढलेल्या हत्याराबद्दल सांगावे तितक्या सहज. मी सवयीने विचारले, “खातं कुठंय तुमचं?”

“तेलगावात. तुमच्याच खिडकीला की.” दम घेऊन ते पुढे म्हणाले, “तुमी ते न्हाई का. हसत न्हाई ते.”

तिसऱ्या दिवशी माझी भाची डबा घेऊन आली. ती लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी भाकरी मोडता मोडता सिस्टरांची कैफियत मांडली. मामाची बाजू घ्यायची सोडून ती म्हणाली, “मामा, आमच्या अभ्यासात आहे हे. इझाबेल मेन्झीज म्हणून बाई होत्या.” १९६०च्या सुमारास या मानसशास्त्राच्या बाईंनी लंडनच्या एका मोठ्या इस्पितळातल्या नर्सेसचा अभ्यास केला. शिकायला आलेल्या पुष्कळ मुली अर्ध्यातच सोडून जात, आणि गंमत म्हणजे त्यांत चांगल्या मुलीच बऱ्याच असत. का, ते शोधायचे होते. बाईंना काय दिसले? रोग्याला नावाने ओळखायचे नाही. खाटेच्या नंबराने ओळखायचे, नाही तर बिघडलेल्या अवयवाने. एकीने एका रोग्यापाशी फार वेळ काढायचा नाही. एकच काम सगळ्यांसाठी करत पुढे सरकायचे. प्रत्येक गोष्ट तपासायची, तपासलेली परत तपासायची. आणि रडू आलेच तर वरची सिस्टर पाठीवरून हात फिरवायची नाही, रागे भरायची. हे सारे कशासाठी, तर मरण, घाण, वेदना रोज हाताळताना जी धास्ती बसते ती अंगाला लागू नये म्हणून.

“मग लागत नाही का?” मी विचारले.

“लागते. त्यांनी तेच लिहिलंय. धास्ती जात नाही, नुसती झाकली जाते.”

“म्हणजे मी इथे सात नंबरचा मुतखडा?”

“हो. आणि तुमच्या बँकेत काय होतं?”

मला घास लागला. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे अजून पितळी टोकने होती. “टोकन सतरा!” असे ओरडलो की सतरा नंबर धोतर सावरत उठायचा. त्याला नाव असते हे मला फक्त सही जुळवायच्या वेळी आठवायचे. तपासणीचे म्हणाल, तर औषध देताना नर्सने रोगी, औषध, मात्रा, देण्याची वाट आणि वेळ अशा पाच गोष्टी बरोबर आहेत ना ते पाहायचे असते. चेक वटवताना तारीख, नाव, आकड्यातली रक्कम, अक्षरी रक्कम, सही : आमच्याही पाचच. फरक इतकाच, की माझी चूक संध्याकाळी कॅश जुळवताना सापडते.

भाचीला एवढ्यावर थांबायचे नव्हते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटली की आपल्याला दिवा दिसतो. पण १८५४ साली अडतीस नर्सेस घेऊन तुर्कस्तानातल्या लष्करी इस्पितळात गेलेली ही बाई मूळची आकड्यांची. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी किती जास्त सैनिक मेले ते तिने रंगीत आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवले, आणि १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने तिला सभासद करून घेतले. बाईमाणसाला ते दार तेव्हा प्रथमच उघडले. म्हणजे आमच्याच बिरादरीतली. हे ऐकून मला बरे वाटले. तिचाही चेहरा कोरडा असणार असा मी मनाशी अंदाज बांधला.

त्याच रात्री आठ नंबर गेले.

दोनचा सुमार असेल. आधी म्हातारीचा आवाज आला, मोठा नव्हे, “अवं, अवं,” एवढाच. सिस्टर धावल्या. त्यांनी मामांना डॉक्टरांकडे पिटाळले, पडदा ओढला, आणि मग पडद्याआडून खाटेचे करकरणे ऐकू येत राहिले. त्या छाती दाबत होत्या. डॉक्टर आले. बराच वेळ करकर चालू होती. मग थांबली. सिस्टर बाहेर आल्या, घड्याळ पाहिले आणि केसपेपरवर वेळ लिहिली. म्हातारी रडली नाही. तिने विचारले, “अंगठा कुठं करायचा?” सिस्टर म्हणाल्या, “मावशी, आत्ता नाही. बसा.” त्यांनी म्हाताऱ्याची उघडी राहिलेली पावले चादरीने झाकली. मग मला आठवले, की आदल्या रात्री फरशीवर नुसतीच पडली म्हणून याच सिस्टर म्हातारीवर ओरडल्या होत्या. थोड्या वेळाने येऊन त्यांनी एक घोंगडी तिच्या अंगावर टाकली होती. “ही धुवायला द्यायचीय. तोवर ठेवा इथं.” तक्रार लिहिताना ही घोंगडी माझ्या ध्यानातच आली नव्हती. तक्रारीच्या नमुन्यात तसा रकानाही नसतो.

सगळे आवरल्यावर सिस्टर टेबलाशी गेल्या. तातडीच्या औषधांचा ट्रे समोर घेऊन त्यांनी इंजेक्शनच्या कुप्या मोजायला सुरुवात केली. बारा. त्यांनी त्या वहीत लिहिल्या आणि पुन्हा मोजल्या. बारा. तिसऱ्यांदा मोजल्या. मामांना ट्रे नीट पुसला नाही म्हणून बोल लावला. ट्रे स्वच्छ होता. मग चौथ्यांदा मोजायला घेतल्या. या मोजणीतले मला कळते. तिसऱ्या खेपेनंतर माणूस नोटा मोजत नसतो.

त्या बी.पी.चा पट्टा घेऊन माझ्याकडे आल्या. मी डोळे मिटून घेतले होते. पण झोपेचे सोंग बँकेतल्या माणसाला खुर्चीतच जमते, खाटेवर नाही.

“जागे आहात ना, सात नंबर?”

“सिस्टर, बसा जरा.”

“बसले तर उठता येणार नाही,” त्या म्हणाल्या. पण आठ नंबरच्या रिकाम्या स्टुलावर टेकल्या. पट्टा माझ्या दंडाला गुंडाळलेला तसाच राहिला.

“आता सकाळी घरी जाईन,” त्या जरा वेळाने म्हणाल्या, “आणि दारात चप्पल काढताना वाटेल, नऊ नंबरचं सलाईन बंद केलं की नाही? मग वॉर्डात फोन. ते म्हणतात, केलंय सिस्टर. चहा ठेवला की पुन्हा वाटतं, अकरा नंबरची गोळी? पुन्हा फोन. मुलगी म्हणते, आई, त्या सगळ्यांना घरीच आण.”

मी म्हटले, “मी फाट्यापर्यंत जातो आणि ड्रॉवरचं कुलूप ओढून बघायला परत येतो. तेलगावात सगळ्यांना माहीत आहे. चहावाला तर परत येताना चहा देतो.”

त्या किंचित हसल्या असाव्यात. अंधारात नक्की सांगता येत नाही. आणि मग, का कोण जाणे, बायकोलाही जे धड सांगितले नव्हते ते मी त्यांना सांगितले. २०१५ साली प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आली. खात्यातून वर्षाला ठरावीक रक्कम कापली जाते, आता ती ४३६ रुपये आहे, आणि माणूस गेला तर वारसाला दोन लाख मिळतात. पहिल्या-पहिल्यांदा एक मुलगी आली होती, वीस-बावीसची, कडेवर मूल. नवरा ट्रॉलीखाली गेला होता. तिचा दाव्याचा फॉर्म मी भरला. ती बोलत होती, मी ऐकत होतो, ऐकता ऐकता माझे डोळे भरून आले, आणि खाते क्रमांकातले दोन आकडे मी उलटसुलट लिहिले. दोन महिन्यांनी कागद वरून परत आला. दोन महिने ती फाट्यावर उतरून खिडकीशी येत होती, आणि मी म्हणत होतो, “बघू.” तेव्हापासून मी माणसाकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो. त्यानंतर एकही फॉर्म परत आलेला नाही.

सिस्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पहिल्या वर्षी मी रडले होते. त्या रात्री एका पेशंटचा डोस तासभर उशिरा गेला. काही झालं नाही त्याला. पण झालं असतं.” त्यांनी पट्ट्यात हवा भरली. “एकशे चाळीस. मिठाचं कमी करा.” आणि त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी भाचीला मी हे सांगितले, तेव्हा तिने डबा बांधता बांधता मुंबईच्या के.ई.एम.मधल्या अरुणा शानबाग यांची गोष्ट काढली. मला ती तुकड्या-तुकड्यांत ठाऊक होती. तिथेच नर्स असलेल्या अरुणांवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी एका सफाई कामगाराने अत्याचार केला. मेंदूला इजा झाली, आणि १८ मे २०१५ला जाईपर्यंत त्या त्याच इस्पितळात, वॉर्ड नंबर चारला लागून असलेल्या खोलीत पडून होत्या. साडेएकेचाळीस वर्षे. भरवणे, पुसणे, कूस बदलणे हे सारे तिथल्या नर्सेसनी केले. ज्या मुली शेवटी करत होत्या त्यांतल्या कितीतरी १९७३ साली जन्मल्याही नव्हत्या. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर शय्याव्रण नव्हते. त्यांना जगवणे थांबवावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला, तेव्हा नर्सेसनी विरोध केला, आणि ७ मार्च २०११ला न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. त्यात बरोबर काय आणि चूक काय हे मला ठरवता येत नाही; मी रात्री त्यावर विचार करून पाहिला आणि मला ताप भरला. एवढेच लक्षात राहिले, की त्या खोलीतल्या रोग्याला नंबर नव्हता. तिला सगळ्या अरुणाच म्हणत.

पाचव्या दिवशी माझा खडा आपण होऊन पडला. त्याचे वर्णन करत नाही. घरी सोडायचे कागद होईपर्यंत मी तक्रारपेटीशी गेलो. पेटीला कुलूप, कुलपाला गंज. ऑफिसात विचारले तर किल्ली ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ रजेवर. पेटी महिन्याच्या एक तारखेला उघडते. “मला माझी तक्रार मागे घ्यायची आहे,” मी म्हटले.

“मग तसा अर्ज द्या,” तिथले कारकून वर न बघता म्हणाले.

“कुणाकडे देऊ?”

“पेटीत टाका.”

मी त्यांच्याकडे आदराने पाहिले. असा सरळ चेहरा ठेवायला वर्षे लागतात. अर्ज लिहायला घेतला : विषय, संदर्भ, ‘उपरोक्त’. आणि ‘परिचारिका श्रीमती’ इथे पेन थांबले. मला ‘सात नंबर’ म्हणते म्हणून ज्या बाईवर मी तक्रार केली, तिचे नाव पाच दिवसांत मी एकदाही विचारले नव्हते. त्यांची ड्युटी संपून त्या घरी गेल्या होत्या. बहुधा दारात चप्पल काढून वॉर्डात फोन करत असतील. मामांना विचारले, तर ते म्हणाले, “रातच्या सिस्टर व्हय? त्यांना समदे सिस्टरच म्हनत्यात.” शेवटी ‘रात्रपाळीच्या सिस्टर, ज्यांच्या खिशाला पाच पेने असतात त्या’ असे लिहून कागद आत सोडला.

कामावर रुजू झाल्याला पंधरा-वीस दिवस झाले असतील. बाजाराचा दिवस, खिडकीसमोर ही रांग. तिच्या शेपटाकडून आरोळी आली, “ओ सात नंबर!”

सगळी बँक वळली. म्हातारी होती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक. रांगेतून लोकांनी तिला पुढे येऊ दिले. “खडा पडला का तुमचा?” तिने सर्वांच्या देखत विचारले. मी पडला म्हणालो. मग मी म्हणालो, “मृत्यूचा दाखला. आधार कार्डाची झेरॉक्स. नॉमिनी तुम्हीच का?” माझा आवाज मला ऐकू येत होता, तो सिस्टरांसारखा होता. म्हातारी म्हणाली, “व्हय, मीच,” आणि एकेक कागद काढून दिला. सगळे कागद बरोबर होते. नंबर मी तीनदा जुळवला. मॅनेजरसाहेबांची सही झाली, आणि दोन शिक्के मारून मी तिचा अंगठा घेतला.

अकरा हजार चारशे साठ रुपये. नोटा मशीनमधून काढल्या, मग हाताने मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

त्याच संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. चौथी लेखी तक्रार आली होती. मास्तरांचेच अक्षर. ‘सदर लिपिक एकाच बाईचे पैसे चार-चार वेळा मोजत असून त्यामुळे मागील ग्राहकांची विनाकारण खोटी होते.’